वसतिगृहातले दादा-ताई मैदानावर काय शिकवतात? निवासी शाळांमधलं हे नातं समजून घ्या

धनज बुद्रुक हे वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं गाव. समजा, इथल्या शाळेत पाचवीत शिकणारी एक मुलगी नवोदयच्या परीक्षेत निवडली गेली. घरी पेढे येतात, शेजारीपाजारी कौतुक करून जातात. मग हातात सामानाची यादी पडते. पत्र्याची पेटी, बादली, मग, चादरी, कुलूप, केसांचं तेल. वडील तिला वसतिगृहात सोडतात, दोनदा मागे वळून बघतात आणि एसटी पकडायला निघतात. संध्याकाळचे पाच वाजतात. आज शाळा सुटली तरी घरी जायचं नाहीये, हे त्या मुलीच्या तेव्हा कुठे लक्षात येतं.

तिच्यासमोर मैदान असतं. मोठ्या मुली खो-खोच्या पाटीवर बसलेल्या असतात. त्यातली कुणी तिला हाक मारून पाटीवर बसवते का, की ती कडेला उभी राहून रडते, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. कारण निवासी शाळेत लहान मूल रुळण्याचा एक जुना आणि बिनखर्चाचा मार्ग मैदानावरून जातो. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवतात, शाळा सुटल्यावर तीच मोठी मुलं माजी विद्यार्थी म्हणून परत येतात आणि पुढच्या तुकडीला हात देतात.

हे सगळं आपोआप होतं, असा आपला समज असतो. खरं तर त्यामागे एक रचना आहे. ती नीट चालली तर गावातलं मूल ऑलिंपिकपर्यंत जाऊ शकतं आणि बिघडली तर त्याच वसतिगृहात रॅगिंग होतं. ही रचना कशी चालते, कुठे अडते आणि पालकांनी काय बघावं, ते समजून घेऊ.

निवासी शाळा म्हणजे नेमक्या कोणत्या?

आपल्याकडे 'बोर्डिंग' म्हटलं की डोंगरावरची महागडी इंग्रजी शाळा डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्रातलं चित्र वेगळं आहे. इथे वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांमध्ये शेतकऱ्यांची, मजुरांची आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं मोठ्या संख्येनं आहेत.

पहिला प्रकार जवाहर नवोदय विद्यालयांचा. केंद्र सरकारनं १९८५-८६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर देशात दोन नवोदय विद्यालयं सुरू केली. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. म्हणजे आज देशभर ६५० हून जास्त शाळांपर्यंत पसरलेल्या या योजनेची सुरुवात ज्या दोन ठिकाणी झाली, त्यातलं एक वऱ्हाडात आहे. सहावी ते बारावीचं शिक्षण, राहणं आणि जेवण अशी ही व्यवस्था. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात.

दुसरा प्रकार आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचा. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधल्या पाच विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य' मोहिमेत एव्हरेस्ट सर केलं होतं, ते अनेकांना आठवत असेल.

तिसरा प्रकार सैनिकी शाळांचा. देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली.

आणि चौथा प्रकार खेळाडूंसाठीच्या क्रीडा प्रबोधिनींचा. राज्य सरकारच्या या योजनेत मुलं लहान वयात निवडली जातात, एकत्र राहतात, शाळा शिकतात आणि खेळाचा सराव करतात. अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीनं धनुर्विद्येत नाव कमावलं आहे.

चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. मुलं २४ तास एकमेकांसोबत असतात आणि त्यातली बरीचशी वेळ शिक्षक समोर नसतात.

'हाऊस' ही काय भानगड आहे?

नवोदयमध्ये प्रवेश घेतल्यावर मुलाला वर्गाबरोबर एक हाऊसही मिळतं. अरावली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशी चार हाऊसची नावं. प्रत्येक हाऊसला शिक्षक प्रमुख असतात आणि विद्यार्थ्यांमधून एक कॅप्टन निवडला जातो. आंतर-हाऊस स्पर्धांमध्ये मुलं वर्गासाठी नाही, हाऊससाठी खेळतात.

या कल्पनेचं मूळ इंग्लंडच्या निवासी शाळांमध्ये आहे. थॉमस अर्नॉल्ड १८२८ मध्ये रग्बी इथल्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. वरच्या वर्गातल्या मुलांवर लहानांची जबाबदारी टाकायची, हे सूत्र त्यांनी पक्कं केलं. पुढे आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिअर द कुबर्टिन या शाळेनं इतके भारावले, की खेळातून शिक्षण या त्यांच्या विचारात रग्बीचा मोठा वाटा आहे.

पण मोठ्यानं लहानाला घडवायचं, हे आपल्याला इंग्रजांनी शिकवलं असं मात्र नाही. कोल्हापूरच्या तालमी आठवा. तालमीत पैलवान एकत्र राहतात, पहाटे एकत्र उठतात, आपली खुराक आपण करतात. वस्ताद एक असतो, पण रोजचा जोर मुरलेला पैलवान नवख्याला देतो. नवखा पोरगा डाव शिकतो तो त्याच्याशी रोज झटून. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला आणि त्याच गावात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहंही उभी केली. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं. गावाकडचं पोर शहरात शिकायचं तर आधी त्याच्या डोक्यावर छप्पर हवं, हे या मंडळींनी ओळखलं होतं.

अमरावतीचंच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या आखाड्याचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. धनजहून अमरावती काही फार लांब नाही. एकत्र राहून खेळ शिकण्याची परंपरा या मुलखाला नवी नाही, ती अशी.

पण खेळच का? अभ्यासातून हे नातं जमत नाही का?

जमतं, पण कमी. कारण सरळ आहे. वर्गात मुलं वयानुसार वेगळी बसतात. सहावीचा आणि अकरावीचा मुलगा एका बाकावर कधीच येत नाहीत. मेसमध्ये रांगा वेगळ्या, अभ्यासिकेत जागा वेगळ्या. मैदान ही एकच जागा अशी आहे जिथे बारावीची मुलगी आणि सहावीची मुलगी एका हाऊसच्या म्हणून एका बाजूला उभ्या राहतात. धाकटी जिंकली तर त्याचा गुण थोरलीच्या हाऊसला मिळतो. त्यामुळे धाकटीला शिकवण्यात थोरलीचा स्वतःचा फायदा असतो. उपदेशापेक्षा ही सोय जास्त काम करते.

दुसरं कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. प्रशिक्षकाला वीस वर्षांचा अनुभव असतो, पण सुरुवातीला आपला पाय कुठे अडखळायचा हे तो विसरलेला असतो. दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या मुलीला ते ताजं आठवत असतं. खो-खोत खांबाला वळसा घालताना कोणता पाय आधी टाकायचा, हे ती धाकटीला तिच्याच भाषेत सांगते. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर इथे फीडबॅक लूप छोटा असतो. चूक झाली, लगेच दिसली, लगेच दुरुस्त झाली, उद्या पुन्हा संध्याकाळी पाच वाजता तपासली.

तिसरं कारण भाषेचं. नवोदयमध्ये नववीत गेल्यावर साधारण ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात आणि तिकडची मुलं इकडे येतात. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलासमोर एकदम हिंदी पट्ट्यातली मुलं उभी राहतात. पहिल्या आठवड्यात बोलणं जमत नाही, पण व्हॉलीबॉलच्या जाळीपाशी कुणाला भाषांतर लागत नाही. पास मागायला हात वर केला की पुरतं.

याचा परिणाम खरोखर दिसतो का?

दोन नावं घेऊ. दोन्ही महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीतली.

पहिलं नाव प्रवीण जाधव. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातलं सरडे हे त्याचं गाव, आई-वडील मजुरी करणारे. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला आधी धावायला लावलं आणि मग क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखवली. तिथल्या एका चाचणीत त्यानं दहा मीटरवरच्या रिंगमधून दहापैकी दहा चेंडू टाकले आणि त्याची निवड धनुर्विद्येसाठी झाली. पुढचं शिक्षण अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत झालं. २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्यासोबत त्यानं सांघिक रौप्य जिंकलं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला.

दुसरं नाव स्वप्निल कुसळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. २००९ मध्ये वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं. वर्षभर सगळ्या तऱ्हेचा सराव केल्यानंतर एक खेळ निवडायचा होता, त्यानं नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्यानं कांस्य पटकावलं. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं.

या गोष्टीतला कमी बोलला जाणारा भाग असा, की स्वप्निलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच थ्री पोझिशन प्रकारात उतरलेल्या नेमबाज आहेत. म्हणजे जी वाट त्या चालून आल्या, तीच त्यांनी पुढच्याला दाखवली.

अर्थात, एक सावधगिरी हवी. ऑलिंपिकपर्यंत जाणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांच्यावरून सगळ्या योजनेचं मोजमाप करणं चुकीचं ठरेल. खरं मोजमाप त्या मुलांचं व्हायला हवं जी जिल्हा पातळीवर थांबली, पण शाळा सोडून घरी परतली नाहीत.

जगात असं उदाहरण कुठे आहे?

केनियातलं इटेन हे डोंगरावरचं छोटं गाव. समुद्रसपाटीपासून साधारण २४०० मीटर उंचीवर. तिथे सेंट पॅट्रिक्स नावाची मुलांची निवासी शाळा आहे. १९७६ मध्ये कोल्म ओ'कॉनेल नावाचे आयरिश शिक्षक तिथे भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचं कोणतंही शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. मुलं कशी धावतात ते बघत बघत ते शिकले.

त्या शाळेतला पीटर रोनो १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचा विजेता झाला. १९९२ मध्ये बार्सिलोनात मॅथ्यू बिरीरनं स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. शाळेच्या आवारात अशा विजेत्या माजी विद्यार्थ्यांच्या नावानं झाडं लावलेली आहेत. रोज सकाळी पळायला निघणारं पोरगं त्या झाडांजवळून जातं.

ओ'कॉनेल यांनी पुढे शाळेच्या सुट्ट्यांमध्ये शिबिरं सुरू केली. मुलींना त्यात आवर्जून जागा दिली. या शिबिरांत आधीचे धावपटू नव्यांबरोबर पळत. डेव्हिड रुडिशा, ज्यानं २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचा विश्वविक्रम केला, त्याचं नाव ओ'कॉनेल यांना सुचवलं ते जाफेथ किमुताई या त्यांच्याच हाताखाली घडलेल्या ज्येष्ठ धावपटूनं. मोठ्याची नजर धाकट्यावर पडली आणि त्यानं ते योग्य माणसाला सांगितलं. इतकंच. पण तेवढ्यानं फरक पडला.

इटेनकडे पैसा नव्हता, सिंथेटिक ट्रॅक नव्हता. ठरलेली वेळ होती, ठरलेली जागा होती आणि वर्षानुवर्षं तिथेच राहणारा एक शिक्षक होता.

आपल्याकडचे माजी विद्यार्थी काय करतात?

बरंच करतात, पण बहुतेक वेळा एका दिवसापुरतं. तुकडीला २५ वर्षं झाली की व्हॉट्सॲप ग्रुप जागा होतो. स्नेहमेळावा ठरतो. जुन्या शिक्षकांना शाल-श्रीफळ, शाळेला पाण्याचा कूलर, त्यावर तुकडीचं नाव. डोळे पाणावतात, ग्रुप फोटो होतो आणि रविवारी संध्याकाळी सगळे पुण्या-नागपूरच्या गाड्यांमध्ये बसतात.

यात वाईट काही नाही. कूलरचं पाणी मुलं पितातच. पण धनजसारख्या गावातून आलेल्या मुलाला माजी विद्यार्थ्याकडून जे हवं असतं, ते कूलरमध्ये मावत नाही. त्याला माहिती हवी असते.

उदाहरण घ्या. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या असतात. यात मिळालेल्या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळू शकतात. राज्यात शासकीय नोकऱ्यांमध्ये गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र ते मिळवायचं तर प्रमाणपत्राची आधी क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. वाशिमच्या मुलांसाठी हे कार्यालय अमरावतीला.

ज्याच्या घरात कुणी खेळाडू नाही, त्या मुलाला हे कोण सांगणार? प्रमाणपत्र पेटीच्या तळाशी पडून राहतं, पावसाळ्यात भिजतं आणि भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ सुरू होते. दोन वर्षांपूर्वी यातून गेलेल्या दादानं दहा मिनिटांत सांगितलं असतं, की प्रमाणपत्राला प्लास्टिकचं कव्हर घाल, स्पर्धेचा निकाल आणि संघाची यादी जपून ठेव, पडताळणी आधीच करून घे. मैदानावरचं मार्गदर्शन म्हणजे फक्त स्मॅश कसा मारायचा हे नाही. त्यात हेही येतं.

या नात्याची काळी बाजू कोणती?

ती लपवून हा विषय पूर्ण होत नाही. ज्या रचनेत मोठ्या मुलाच्या हाती लहानाची सूत्रं दिली जातात, तिथेच छळाचीही सोय होते. 'सिनिअरनं सांगितलं' हे वाक्य वसतिगृहात हुकमासारखं वापरलं जातं. कपडे धुवायला लावणं, रात्री उठवून उभं करणं, मैदानावर शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणं, याला 'घडवणं' म्हणतात. नंतर तेच लोक मेळाव्यात हसत हसत त्याच्या आठवणी सांगतात. ज्याला सहन झालं नाही, तो मेळाव्याला येतच नाही. त्यामुळे त्याची बाजू आठवणींत कुठे नसते.

मी निवासी शाळेत शिकलेले नाही, पण इंजिनिअरिंगची चार वर्षं मुलींच्या वसतिगृहात काढली. पहिल्या महिन्यात काही सिनिअर रोज रात्री आम्हाला व्हरांड्यात मान खाली घालून उभं करायच्या. रेक्टरला सांगितलं तर उत्तर आलं, "ओळखी होतात त्यानं." खेळायचं म्हणावं तर संध्याकाळी सातला गेट बंद. मुलांचं मैदान मात्र रात्री नऊपर्यंत उजेडात असायचं.

त्याच वसतिगृहात तिसऱ्या वर्षाची एक ताई होती. तिनं गच्चीवर दोरी बांधून बॅडमिंटन सुरू केलं. आम्ही पाच-सहा जणी जायचो. व्हरांड्यातल्या मुली तिथे वर येत नसत, कारण ती त्यांना ओळखून होती. चार महिन्यांनी माझी सर्व्हिस बरी झाली. त्याआधीच मी रात्री घरी फोन करून रडणं बंद केलं होतं. व्हरांड्यातल्या आणि गच्चीवरच्या, दोन्हीकडच्या सिनिअरच होत्या. एकीकडे अधिकार होता, दुसरीकडे खेळ होता. फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ चा आहे आणि तो वसतिगृहांनाही लागू होतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. संकटातलं कोणतंही मूल १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करू शकतं. हा क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर, मुलांना दिसेल अशा उंचीवर लिहिलेला असायला हवा. ऑफिसच्या आत लावलेल्या कागदाचा उपयोग नाही.

मग मार्गदर्शन आणि छळ यांतला फरक ओळखायचा कसा?

काही साध्या खुणा आहेत.

• मार्गदर्शन उघड्यावर होतं. ठरलेल्या वेळी, मैदानावर, सगळ्यांना दिसेल असं. बंद खोलीत किंवा रात्री उशिरा चाललेला 'सराव' हा सराव नसतो.

• धाकट्याला नाही म्हणता येतं. आज खेळायचं नाही असं म्हटल्यावर त्याला शिक्षा होत असेल, तर तिथे काहीतरी बिघडलं आहे.

• शिक्षक जवळपास असतात. मोठी मुलं शिक्षकाला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत.

• माजी विद्यार्थी शाळेच्या परवानगीनं, नोंदवहीत सही करून येतात. कितीही मोठा खेळाडू असला तरी एखाद्या मुलाला एकट्यानं बाहेर घेऊन जात नाही.

• मुलींना मैदान तितकाच वेळ मिळतो. 'त्यांना आवड नाही' असं उत्तर आलं तर मैदानाचं वेळापत्रक मागून बघा.

प्रवेशासाठी काय करावं लागतं?

नवोदयच्या सहावीच्या प्रवेशासाठी मूल त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावं लागतं. निवड परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यात बौद्धिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. परीक्षा मराठीतूनही देता येते आणि अर्जाला शुल्क नसतं.

क्रीडा प्रबोधिनीचं तसं नाही. तिथे शरीराची चाचणी महत्त्वाची. ३० मीटर धावणं, ६ × १० मीटर शटल रन, ८०० मीटर धाव, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता आणि उंची-वजन असे प्रकार त्यात असतात. चाचण्या कधी आहेत याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी.

वाशिम हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. इथल्या सोयाबीन-कापसाच्या घरातून एक मूल निवासी शाळेत गेलं, तर त्याच्या पाठीमागे सगळं घर उभं असतं. पालक अभ्यासाची चौकशी करतात, जेवणाची करतात. सोडायला जाल तेव्हा आणखी तीन प्रश्न विचारा. संध्याकाळी लहान मुलांना खेळायला कोण घेतं? तेव्हा कोणते शिक्षक मैदानावर असतात? आणि या शाळेतून गेलेलं कुणी खेळाडू परत येतं का, येत असेल तर कधी?

माजी विद्यार्थ्यांना काय करता येईल?

मोठा निधी लागत नाही. महिन्यातला एक ठरलेला रविवार पुरतो, पण तो चुकवायचा नाही. लहान मूल एकदा वाट बघून निराश झालं की दुसऱ्यांदा वाट बघत नाही. दोघांनी-चौघांनी मिळून पाळी लावली तर एकावर भार पडत नाही. भेट द्यायची तर आधी क्रीडा शिक्षकांना विचारून द्यावी. मुलांच्या मापाचे बूट लागतात, सगळे आठ नंबरचे आणले तर सहावीतली मुलं अनवाणीच पळतात.

आणि फक्त जिंकणाऱ्या मुलांकडे बघू नका. संघात निवड न झालेल्या मुलांना गुणलेखन, पंचगिरी, वेळ मोजणं शिकवता येतं. पुढे त्यातूनच क्रीडा शिक्षक आणि पंच तयार होतात. मैदानाच्या कडेला उभं राहणाऱ्या मुलालाही काहीतरी काम हवं असतं.

धनजच्या त्या मुलीकडे परत येऊ. पहिल्या संध्याकाळी तिला जिनं पाटीवर बसवलं, ती बारावी होऊन निघून जाईल. तोवर धाकटी नववी-दहावीत आलेली असेल. पुन्हा जून-जुलै येईल, पुन्हा पेट्या उतरतील, कडेला कुणीतरी नवी उभी असेल. तिला हाक मारायची की नाही, हे आता हिच्या हातात असेल. तिनं हाक मारावी असं वाटत असेल, तर आजच्या संध्याकाळी पाचला मैदानावर काय चाललंय, याकडे शाळेचं, पालकांचं आणि आधी निघून गेलेल्यांचं लक्ष असायला हवं.